न पाहिलेल्या प्रयोगांचे स्मरण कसे करावे? विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आपल्या गावात एक हौशी नाट्यमंडळ आहे, मंडळातील बहुतेक जण तिशीच्या आतले आहेत, आणि विजया मेहता यांच्या कामाचे स्मरण करणारा दोन दिवसांचा कार्यक्रम आपल्याला करायचा आहे. त्यांचे एकही नाटक आपल्यापैकी कोणी रंगमंचावर पाहिलेले नाही. एक गट म्हणतो की फोटो लावावा, पाहुणे बोलवावेत आणि भाषणे ठेवावीत. दुसरा गट म्हणतो की त्यांनी दिग्दर्शित केलेले जयवंत दळवींचे ‘बॅरिस्टर’ पूर्ण बसवावे आणि होईल तितके मूळ प्रयोगासारखे करावे. यांपैकी कोणता मार्ग धरावा, असे आपण विचारले आहे. हौशी नाटके बसवणे आणि स्पर्धांसाठी मुले तयार करणे हेच मी कोकणात अनेक वर्षे करत आलो आहे, म्हणून उत्तर विस्ताराने देतो.

माझे मत आधीच सांगतो. दोन्ही मार्ग सोडून द्यावेत. भाषणांतून दिग्दर्शकाचे मोठेपण कानावर पडते, पण त्याचे काम दिसत नाही. हुबेहूब प्रयोग करण्याच्या प्रयत्नात काम दिसल्याचा भास होतो, पण दिसते ती आपली नक्कल. आपली खरी अडचण कार्यक्रमाच्या स्वरूपाची नाही. दिग्दर्शकाचे काम नेमके असते कुठे आणि प्रयोग बंद झाल्यावर त्यातले काय उरते, हा आपला खरा प्रश्न आहे. लेखकाची संहिता छापलेली असते. नटाचे छायाचित्र उरते, त्याच्या आवाजाची आठवण उरते. नेपथ्याचा एखादा आराखडाही कुठेतरी सापडतो. दिग्दर्शकाने घेतलेले निर्णय मात्र या सगळ्यांच्या मधल्या जागेत असतात. कोणी कुठे बसावे, कोणते वाक्य पाठ फिरवून म्हणावे, कुठे थांबावे, कोणती वस्तू शेवटपर्यंत रंगमंचावर राहावी, असे ते निर्णय शेवटच्या प्रयोगाबरोबर पुसले जातात. म्हणून विजयाबाईंचे स्मरण करायचे असेल, तर ते निर्णय आपल्या मुलांना स्वतःच्या अंगाने घ्यायला लावणे, आणि मग बाईंनी त्याच जागी काय केले असावे याचा शोध घेणे, हाच मला उपयोगी वाटणारा मार्ग आहे.

यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करतो. आपल्याकडे वयस्कर भूमिका पेलणारी एखादी बाई आहे का, तालमीला किती संध्याकाळी मिळतात, सभागृहात पुरेसा अंधार होतो का, आणि हक्कधारकांची परवानगी मिळते का, यांवर तपशील बदलतील. पण दिशा बदलणार नाही.

आता ‘विजयाबाईच का, आणि वेंगुर्ल्यातच का’ हे मुलांना आधी सांगायला हवे, कारण त्यांना हे नाव मुंबईचे वाटते. विजयाबाईंचा जन्म १९३४ साली बडोद्यात झाला. इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान या अगदी वेगळ्या प्रकृतीच्या दोन गुरूंकडे त्या शिकल्या. १९६० मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासोबत त्यांनी ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी केली आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीला एक शिस्त दिली. हे सगळे मुंबईत घडले, हे खरे. परंतु ज्या संहितांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, त्यांतल्या किती तरी आपल्याच परिसरातून गेलेल्या दोन माणसांनी लिहिलेल्या आहेत. चिं. त्र्यं. खानोलकर ‘बागलांची राई’ या गावातले आणि कुडाळचे, तर जयवंत दळवी आरवलीचे. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ रंगायनने १९६६ मध्ये केले, त्याचे दिग्दर्शन विजयाबाईंचे होते. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून खानोलकरांनी लिहिलेले ‘अजब न्याय वर्तुळाचा’ त्यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्यासोबत रंगमंचावर आणले. दळवींची ‘संध्याछाया’, ‘बॅरिस्टर’, ‘महासागर’ आणि ‘पुरुष’ ही चारही नाटके विजयाबाईंनी दिग्दर्शित केली. ‘पुरुष’मधून जो नट महाराष्ट्राच्या मनावर ठसला, तो नाना पाटेकर मुरूड-जंजिऱ्याचा. हे सांगताना अभिमानाचे भाषण करू नये, एवढी विनंती आहे. आरवलीचा लेखक जे घर, जी ओटी, जी माणसे डोळ्यांसमोर ठेवून लिहीत होता, त्यांना रंगमंचावर देह देण्याचे काम बाईंनी केले, आणि म्हणून त्यांचे निर्णय तपासण्याची पात्रता आपल्या गावातल्या प्रेक्षकाला आपोआप आलेली आहे, हे मुलांच्या लक्षात यावे.

पूर्ण ‘बॅरिस्टर’ करू नका, असे मी म्हणतो त्याचे कारण नीट सांगायला हवे, कारण त्या गटाचा उत्साह मला मोलाचा वाटतो. ‘अंधाराच्या पारंब्या’ या आपल्याच कादंबरीवरून दळवींनी हे नाटक लिहिले आणि ते १९७७ मध्ये रंगमंचावर आले. विक्रम गोखले बॅरिस्टर झाले आणि मावशीच्या भूमिकेत स्वतः विजयाबाई होत्या. त्या प्रयोगातली प्रत्येक हालचाल त्या नटांच्या उंचीला, आवाजाला, चालण्याच्या गतीला आणि मुंबईतल्या मोठ्या नाट्यगृहांच्या रुंदीला धरून ठरलेली असणार. आपला रंगमंच शाळेच्या हॉलमधला आहे, आपला बॅरिस्टर पंचविशीतला आहे. मूळ प्रयोगातली हालचाल आपण उचलली, तर ती का केली होती हे कारण गळून पडते आणि फक्त आकार उरतो. स्पर्धेच्या तालमींत मी हे पुष्कळदा पाहिले आहे. एखाद्या गाजलेल्या प्रयोगाची ध्वनिचित्रफीत पाहून मुले येतात, तसाच थांबा घेतात, तसाच हात उचलतात, आणि समोरच्या नटाने काय म्हटले हे त्यांना ऐकूच येत नाही. दिग्दर्शकाचा आदर करायचा म्हणजे त्याची उत्तरे पाठ करायची, असे आपण समजतो. त्यापेक्षा त्याच्यासमोर कोणते प्रश्न उभे होते, ते शोधावे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की ‘बॅरिस्टर’मधला एकच प्रवेश घ्यावा आणि तो सगळ्या कार्यक्रमाचा कणा करावा. विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर, जुना वाडा, त्यात राहणारी सोवळी, म्हणजे केशवपन केलेली विधवा मावशी, बिऱ्हाडाला आलेली तरुण राधाक्का, तिच्या वाट्याला आलेले वैधव्य, केशवपनाचा प्रश्न आणि बॅरिस्टरच्या मनात घर करून बसलेली आनुवंशिक वेडाची भीती, एवढा ऐवज या नाटकात आहे. मावशी आणि राधाक्का समोरासमोर येतात असा एखादा प्रवेश निवडा. बॅरिस्टरचा मोठा भावनिक प्रवेश निवडण्याचा मोह होईल, तो टाळा. मोठ्या प्रवेशात नट एकटा तरून जातो आणि दिग्दर्शक झाकला जातो. दोन बायका हळू आवाजात बोलत आहेत आणि खरे जे आहे ते बोलण्यात येतच नाही, अशा प्रवेशात दिग्दर्शकाची गरज उघडी पडते.

हा प्रवेश मंडळातल्या दोन वेगवेगळ्या मुलामुलींकडे दिग्दर्शनासाठी द्या आणि त्यांना एकमेकांची तालीम पाहू देऊ नका. संहिता तीच, शक्य असल्यास नटही तेच. तालीम सुरू करण्यापूर्वी दोघांनीही काही प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत. मावशी प्रवेशाच्या सुरुवातीला बसलेली आहे की उभी? तिच्या हातात काही काम आहे का, आणि असले तर ते कोणत्या वाक्याला थांबते? राधाक्का दारातच थांबते की मावशीच्या शेजारी येऊन जमिनीवर बसते? दोघींमधले अंतर कमी कोण करते? बॅरिस्टर या प्रवेशात नसला, तरी त्याची खुर्ची प्रेक्षकाला दिसत राहावी का? उजेड कुठून येतो, आणि तो मावशीच्या आलवणावर, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्यावर पडतो की राधाक्काच्या केसांवर? वरवर पाहता हे हालचालींचे साधे प्रश्न आहेत, पण त्यांची उत्तरे देताना नाटक कोणाचे आहे, हे ठरवावेच लागते. उजेड केसांवर ठेवला की पुढे येणाऱ्या संकटाची सावली प्रवेशावर पडते. तोच आलवणावर ठेवला की मावशी ही परंपरेची पहारेकरी न राहता परंपरेने आधीच गिळलेली बाई दिसू लागते. संहितेतला एकही शब्द न बदलता नाटक बदलते, हे प्रेक्षकांनी दोन रूपे लागोपाठ पाहिली की कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

यानंतर चित्रपट. ‘बॅरिस्टर’वरून विजयाबाईंनी ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात अनुपम खेर रावसाहेब आहेत, राधाक्काच्या जागी तन्वी आझमी आहेत आणि मावशी पुन्हा स्वतः विजयाबाई. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच दिग्दर्शिकेने तीच कथा दोन माध्यमांत हाताळली आणि दोन्हीकडे तीच भूमिका स्वतः केली, अशी उदाहरणे फार थोडी असतात. आपल्यासारख्या, नाटक पाहायला न मिळालेल्या लोकांसाठी तर हे मोठे भाग्य आहे. पण इथे एक सावधगिरी हवी. चित्रपट पाहिला म्हणजे नाटक पाहिले, असे कार्यक्रमात कोणालाही वाटू देऊ नका. रंगमंचावर सगळा वाडा सतत समोर असतो. प्रेक्षक कुठेही पाहू शकतो, आणि त्याने नेमके कुठे पाहावे हे दिग्दर्शकाला नटाच्या मानेच्या वळणातून, स्तब्धतेतून, उजेडातून सुचवावे लागते. चित्रपटात ते काम कॅमेरा आणि संकलन करतात. एक बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा दाखवायचा की बोलणाऱ्याचा, हे तिथे ठरवता येते.

चित्रपट पाहताना प्रत्येकाच्या हातात कागद द्यावा आणि एकच काम सांगावे. मावशी दृश्यात असताना कॅमेरा तिच्याकडे केव्हा पाहतो आणि केव्हा पाहत नाही, याची नोंद करावी. हे लिहून काढले की पुढच्या चर्चेला ठोस आधार मिळतो. नाही तर चर्चा ‘अभिनय अप्रतिम होता’ या वाक्यापाशीच थांबते.

इथे दिग्दर्शन करणाऱ्या मुलांसाठी एक खास मुद्दा आहे. जो दिग्दर्शक स्वतः भूमिका करतो, त्याला प्रयोगाच्या वेळी चित्र समोरून दिसत नाही. तो चित्राच्या आत असतो. म्हणजे त्याची सगळी तयारी आधीच पुरी झालेली असावी लागते, रंगावृत्ती, म्हणजे हालचाली नोंदवलेली संहिता, काटेकोर असावी लागते, आणि समोर बसून खरे सांगणारी विश्वासाची माणसे लागतात. राज्य नाट्य स्पर्धेत आपल्याकडे दिग्दर्शकच मुख्य भूमिका करतो, ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यातून प्रयोग कसे विस्कटतात हेही आपण पाहतो. विजयाबाईंनी ‘संध्याछाया’तही दिग्दर्शन आणि नानीची भूमिका एकत्र सांभाळली. ते कसे साधते, हा एक स्वतंत्र तास ठेवण्याजोगा विषय आहे. ‘झिम्मा’ हे त्यांचे आत्मचरित्र २०१२ मध्ये राजहंस प्रकाशनाने काढले. त्यातील तालमींविषयीची पाने मुलांनी कार्यक्रमापूर्वी वाचलेली असावीत, असा आग्रह धरा.

दुसरी सूचना ‘संध्याछाया’विषयी आहे, आणि ती मला स्वतःला अधिक जवळची वाटते. रंगायनच्या काळात विजयाबाईंनी फ्रेंच नाटककार आयनेस्कोच्या नाटकाचे मराठी रूप ‘खुर्च्या’ केले होते. त्यात एक म्हातारे जोडपे न दिसणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत करत राहते आणि रंगमंच रिकाम्या खुर्च्यांनी भरत जातो. पुढे १९७३ मध्ये त्यांनी ‘संध्याछाया’ केले. तिथेही एक म्हातारे जोडपे आहे आणि तेही येणाऱ्याची वाट पाहत आहे. पहिले नाटक थोड्या प्रेक्षकांनी पाहिले आणि पुष्कळांना ते कळले नाही. दुसऱ्याने घराघरांत लोकांना रडवले. या दोन्ही नाटकांना एकच हात लागलेला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. न दिसणाऱ्या माणसाकडे नटाने कसे पाहावे, रिकाम्या जागेत त्याची उंची आणि त्याचा चेहरा कसा ठरवावा, हे ‘खुर्च्या’सारख्या नाटकात नटाला शिकावेच लागते. तीच नजर पुढे एखाद्या साध्या घरगुती नाटकात, परदेशी गेलेल्या मुलाच्या रिकाम्या खोलीकडे पाहताना कामाला येते. हे माझे वाचन आहे. आपल्या मंडळाने ते तपासून पाहावे.

तपासण्याची रीत सोपी आहे. रंगमंचावर दहा-बारा खुर्च्या ठेवा. दोन नटांनी एकही संवाद न म्हणता न दिसणारे पाहुणे एकेक करून आत आणावेत आणि बसवावेत. प्रेक्षकाने ओळखायचे की आलेला माणूस उंच आहे की बुटका, ओळखीचा आहे की सरकारी, हवासा आहे की नकोसा. दोन नटांची नजर एकाच उंचीवर स्थिरावली नाही, तर प्रेक्षकाला तत्काळ खोटे वाटते. हा सराव आठवडाभर झाल्यानंतर त्याच दोन नटांकडून ‘संध्याछाया’तील एका प्रवेशाचे अभिवाचन घ्या. अभिवाचनात नुसते बसून वाचायचे असते, पण नजर तयार झालेली असली की वाचनही वेगळे होते. आणि आपल्या भागात हे नाटक ऐकणारे कोण असणार, याचा विचार करा. मुले मुंबईला किंवा आणखी लांब गेली आहेत, गणपतीला चार दिवस घर भरते आणि पुन्हा दोन म्हातारी माणसे उरतात, अशी घरे प्रत्येक वाडीत आहेत. म्हणून हे वाचन संयमाने व्हायला हवे. नटाने स्वतः गहिवरून वाचले, तर समोरच्या माणसाला त्याच्या दुःखासाठी जागाच उरत नाही. विजयाबाईंच्या शिस्तीविषयी जे पुष्कळ बोलले जाते, ते मुलांना इथे कृतीतून समजेल.

दिग्दर्शक म्हणजे काय, हे गावातल्या सर्व वयाच्या प्रेक्षकांना कळावे यासाठी दशावताराचा, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्याचा, उपयोग करून घ्या. आपल्याकडे तो हाताशी आहे. दशावतारात आख्यान ठरलेले असते, पात्रे ठरलेली असतात, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. एक बाकडे सिंहासन होते, तेच पर्वत होते, आणि आपल्या प्रेक्षकाला त्यात काहीच विचित्र वाटत नाही. गावातल्या जाणत्या दशावतारी नटांना बोलवावे आणि मावशी-राधाक्काच्या प्रवेशातला नुसता प्रसंग तोंडी सांगून तो त्यांच्या पद्धतीने करायला सांगावे. त्यांनी तो केल्यावर लगेच मुलांनी बसवलेला प्रवेश दाखवावा. एका बाजूला नटाची क्षणोक्षणीची उत्स्फूर्तता, दुसऱ्या बाजूला कोणीतरी बाहेर उभे राहून केलेली आखणी. यात कोणाला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. दशावताराची शिस्त वेगळी आहे आणि ती नटाच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. परंतु दोन पद्धती शेजारी ठेवल्या की दिग्दर्शक रंगमंचावर काय आणतो आणि काय काढून घेतो, हे दोन्ही दिसते. खानोलकरांसारख्या लेखकाबरोबर आणि लोकनाट्याच्या अंगाने काम करताना विजयाबाईंनाही हा तोल शोधावा लागला असणार, हा विषय त्या चर्चेत सहज निघेल.

आता आठवणींविषयी. आपल्या तालुक्यात आज साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ लोक असे आहेत की ज्यांनी नोकरीच्या काळात मुंबईला शिवाजी मंदिरात किंवा रवींद्र नाट्य मंदिरात ही नाटके पाहिली, किंवा दौऱ्यावर आलेले प्रयोग जवळच्या शहरात पाहिले. त्यांना व्यासपीठावर बोलावून ‘आठवणी सांगा’ असे म्हणू नका. लोक मग बाईंविषयी न बोलता आपल्या तरुणपणाविषयी बोलतात. कार्यक्रमापूर्वी त्यांच्या घरी जा, मोबाइलवर आवाज मुद्रित करा आणि प्रश्न वस्तूंचे विचारा. पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर काय होते? मावशी कोणत्या बाजूने आत आली? शेवटी उजेड कसा होता? शेजारी कोण बसले होते आणि ते केव्हा चुळबुळले? अशा प्रश्नांनी स्मरण खरोखर हलते. दोन माणसे एकाच प्रवेशाविषयी उलटसुलट सांगतील, तर दोन्ही जशीच्या तशी ठेवा. त्यातले एक खोडून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या निमित्ताने जुन्या जाहिराती, तिकिटे, हस्तपत्रिका, छायाचित्रे मिळाली, तर मूळ कागद मालकाकडेच ठेवा आणि तिथेच बसून त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्या. कोकणातली दमट हवा, कसर आणि पावसाळ्यातले पाणी हे कागदाचे कायमचे शत्रू आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या दीडशेहून अधिक वर्षांच्या ग्रंथालयाचेही किती नुकसान झाले, हे आपण सर्वांनी पाहिले. म्हणून प्रती किमान दोन वेगळ्या गावांत आणि एक तालुक्याबाहेर ठेवावी. कागद सापडला त्याच दिवशी हे करा. पुढे करू म्हटलेले राहून जाते.

स्मरण म्हणजे केवळ स्तुती नव्हे, हेही कार्यक्रमात दिसावे. रंगायननंतर विजयाबाई व्यावसायिक रंगभूमीकडे वळल्या, आणि प्रायोगिक रंगभूमीवर निष्ठा असलेल्या अनेकांना ते रुचले नाही. हा वाद तरुणांसमोर मोकळेपणाने मांडा. माझी बाजू मी लपवत नाही. प्रायोगिक रंगभूमीत कमावलेली शिस्त त्यांनी ज्या नाटकांत नेली, ती नाटके मोठ्या नाट्यगृहांत लागत होती, दौऱ्यांवर जात होती, म्हणून ती शिस्त आमच्यासारख्या मुंबईबाहेरच्या लोकांपर्यंत पोहोचली. छोट्या सभागृहातले प्रयोग आम्ही मासिकांतून फक्त वाचत होतो. विक्रम गोखले, नाना पाटेकर, भारती आचरेकर, नीना कुळकर्णी, रीमा यांच्यासारखे नट पुढे जिथे जिथे गेले, तिथे त्या तालमींचा अंश त्यांच्याबरोबर गेला, आणि मला तो त्यांच्या नाटकांइतकाच मोठा वारसा वाटतो. विरुद्ध मताचा वक्ता मिळाला तर त्याला जरूर बोलवा, आणि त्याला आधी बोलू द्या.

क्रम असा ठेवता येईल. पहिल्या दिवशी सकाळी ‘झिम्मा’तील निवडक मजकुराचे वाचन आणि खुर्च्यांचा सराव सर्वांसमोर, दुपारी ‘संध्याछाया’तील प्रवेशाचे अभिवाचन, आणि अंधार पडल्यावर पूर्ण ‘रावसाहेब’. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रपटावरची चर्चा, नोंदींच्या कागदांसह, आणि त्यानंतर संध्याकाळी दशावतारी प्रसंग व मुलांचे दोन्ही प्रवेश लागोपाठ. चित्रपट तुकड्यांनी दाखवू नका. आधी तो सलग अनुभवू द्या, चिरफाड दुसऱ्या दिवशी.

तिथीविषयी विचाराल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हौशी मंडळी राज्य स्पर्धेत गुंतलेली असतात आणि तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात, त्यामुळे दशावतारी नट रात्री मोकळे नसतात. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, म्हणजे जुने प्रेक्षक आणि नवे प्रेक्षक एकत्र मिळतात. मात्र महिनाअखेरीच्या वळिवाने वीज जाते, तेव्हा पहिला पंधरवडा धरावा आणि जनित्राची सोय ठेवावी. पाहुणा एकच बोलवा. तो त्या नाटकांत काम केलेला नट असेल तर उत्तमच, पण प्रकाशयोजना, नेपथ्य किंवा रंगभूषा सांभाळलेला एखादा तंत्रज्ञ मिळाला तर मी त्याला अधिक पसंती देईन, कारण दिग्दर्शकाचे निर्णय रोज रात्री तोच हाताने अमलात आणत असतो.

शेवटचा मुद्दा परवानगीचा, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. एका प्रवेशाचा प्रयोग असो किंवा तिकीट न लावता केलेले जाहीर अभिवाचन असो, लेखकाच्या हक्कधारकांची लेखी संमती घ्या आणि मानधन किती द्यायचे ते विचारा. पुस्तकावर प्रकाशकाचा पत्ता असतो, तिथून हक्कधारकांपर्यंत पोहोचता येते. चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनासाठी त्याच्या हक्कधारकांची वेगळी परवानगी लागते. घरच्या पडद्यावर दिसतो म्हणून तो सभागृहात दाखवता येत नाही. पत्रात आपले मंडळ, सभागृहाची आसनसंख्या, प्रवेश विनामूल्य आहे की नाही आणि नेमका कोणता प्रवेश करणार, हे स्पष्ट लिहा. उत्तरे हाती आल्यावरच तारीख छापा. ‘बॅरिस्टर’ला नकार आला, तर तीच पद्धत दळवींच्या किंवा खानोलकरांच्या दुसऱ्या संहितेला लावता येईल, आणि कोणती निवडावी हे ठरवायला मी आनंदाने मदत करीन.